पापणी की काच?

वाचकाचं पत्र: ‘माझ्याकडे दोन गेको, म्हणजे पाळायच्या पाली, आहेत. दीड वर्षाची लेपर्ड गेको मादी आणि साधारण तेवढ्याच वयाचा क्रेस्टेड गेको नर. लेपर्डने पाच दिवसांपूर्वी कात टाकली आणि तेव्हापासून तिचा उजवा डोळा बंद आहे. मधूनच अर्धवट उघडते आणि लगेच मिटून घेते. पापणीच्या कोपऱ्यात पांढरट कड दिसते. तोंडाची ती बाजू दगडावर घासत बसते. खाणं निम्म्यावर आलंय. महिन्यापूर्वी वजन ५८ ग्रॅम होतं, आज ५२ भरलं. टँकमध्ये तळाला बारीक वाळू आहे, ओलसर खोपा (लपायचा ओला डबा) ठेवलेला नाही. गेको पाळणारा एक मित्र म्हणाला, “डोळ्यावरची कात अडकलीय. ओढू नकोस, पुढच्या कातीबरोबर आपोआप निघेल, तोवर पाणी फवारत राहा.” घरात माणसांच्या डोळ्यांचे थेंब उरलेत, ते घालू का? दुसरं म्हणजे, क्रेस्टेड डोळे कधी मिटतच नाही. झोपला तरी सताड उघडे. मागच्या आठवड्यात ते दोन्ही डोळे दुधाळ झाले होते, आता स्वच्छ आहेत. त्यालाही काही झालं असेल का?’

आधी उत्तर, मग कारणं. क्रेस्टेडला काहीही झालेलं नाही. लेपर्डला मात्र उद्या, फार तर परवा, सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. उरलेले थेंब घालू नका. मित्राचा सल्ला खोटा नाही, पण तो क्रेस्टेडच्या डोळ्याला लागू पडतो. लेपर्डचा डोळा वेगळ्या घडणीचा आहे आणि तिथे पुढच्या कातीची वाट पाहणं म्हणजे डोळा पणाला लावणं. प्रौढ लेपर्डची पुढची कात यायला महिना-दीड महिना सहज लागतो. तेवढ्यात बुबुळावरची साधी खरचटही खोल जखम होऊन बसते.

दोघांनाही आपण गेकोच म्हणतो, म्हणून ही गल्लत होते. भिंतीवरची पाल आठवा. ती डोळे मिटताना कुणी पाहिलेली नाही, कारण मिटायला तिच्याकडे हलती पापणीच नाही. बहुतेक सगळे गेको असेच. अंड्यात असतानाच त्यांच्या वरच्या-खालच्या पापण्या एकमेकींना जुळतात, पारदर्शक होतात आणि बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखं कायमचं झाकण बनतात. सापाचंही तेच. या काचेच्या आत, म्हणजे काच आणि बुबुळ यांच्यामध्ये, एक चिंचोळी बंद पोकळी असते. तिच्यात अश्रूंचा पातळ थर असतो आणि तो एका बारीक नळीने तोंडात उतरतो. बाहेरून बसलेली धूळ पुसायला पापणी नसल्यामुळे पाल स्वतःची जीभ डोळ्यावरून फिरवते. तुमचा क्रेस्टेडही तेच करत असणार.

लेपर्ड आणि तिचा जवळचा नातेवाईक आफ्रिकन फॅट-टेल्ड गेको ज्या कुळात येतात, त्याचं शास्त्रीय नाव युब्लेफॅरिडी. ग्रीक भाषेत ‘ब्लेफॅरॉन’ म्हणजे पापणी आणि ‘यू’ म्हणजे चांगली, खरी. गेकोंमध्ये खऱ्या, हलत्या पापण्या टिकवून ठेवणारं हे कुळ. गंमत अशी, की क्रेस्टेडच्या जातिनामातलं ‘सिलिएटस’ हे लॅटिन पापण्यांच्या केसांवरून आलंय आणि त्याच्याकडे हलती पापणी नाही! डोळ्यावर छज्जासारखी दिसणारी ती झालर म्हणजे टोकदार खवल्यांची रांग, बाकी काही नाही.

लेपर्डच्या पापणीची घडण जरा नीट समजून घ्या, कारण तिचा सगळा त्रास त्या घडीतच आहे. आपल्यात डोळा मिटताना वरची पापणी खाली येते. सरड्यांमध्ये जास्तीचं काम खालची पापणी करते, ती वर सरकते. दोन्ही पापण्यांना आतून नाजूक ओलसर अस्तर असतं. ते अस्तर पापणीच्या मुळाशी वळून डोळ्याच्या गोळ्यावर चढतं, त्यामुळे पापणी आणि डोळा यांच्यात खिशासारखी घडी तयार होते. नाकाकडच्या कोपऱ्यात आणखी एक पातळ पडदा असतो, निमेषपटल. बहुतेक पापणीवाल्या सरड्यांमध्ये तो असतो, कुठे मोठा तर कुठे नावापुरता. तो आडवा सरकून बुबुळावर ओल पसरवतो. डोळ्यामागच्या आणि कोपऱ्यातल्या ग्रंथी पाणी पुरवतात आणि जास्तीचं पाणी नळीवाटे तोंडात जातं. हे सगळं ओलं आणि मोकळं असेपर्यंत वाळूचा कणही धुऊन निघतो.

कात टाकताना पापणीच्या कडेची अगदी पातळ पट्टीही निघावी लागते. हवा कोरडी असली की ती पट्टी सुटत नाही. तिची अंगठी होऊन ती पापणीच्या कडेवर आवळते, किंवा गुंडाळी होऊन त्या खिशात शिरते. तुम्हाला दिसणारी पांढरट कड बहुधा हीच. खिशात शिरलेली गुंडाळी प्रत्येक उघडझापेला बुबुळावर घासते. तिच्याभोवती वाळू चिकटते. जनावर डोळा मिटून घेतं, दगडावर घासतं, त्यानं आणखी खरचटतं. मग जंतूंना वाट मिळते आणि पू होतो.

पुवाची गोष्ट इथे निर्णायक आहे. आपला पू वाहतो, कारण आपल्या पांढऱ्या पेशींमधली पाचकं मेलेला ऊतक विरघळवून टाकतात. सरपटणाऱ्या प्राण्यांत हे काम करणाऱ्या पेशी वेगळ्या असतात आणि त्यांना ते तितकंसं जमत नाही. त्यामुळे त्यांचा पू घट्ट होतो, सुक्या चीजसारखा गोळा बनतो. तो शेकल्याने वाहून जात नाही, नुसत्या अँटिबायोटिकने विरघळत नाही. पापणीखालचा असा गोळा कुणीतरी प्रत्यक्ष काढावाच लागतो. ‘थेंब घालत राहिलो, सूज हलेना’ या तक्रारीमागे फार वेळा हेच असतं.

तर पशुवैद्याकडे पोचेपर्यंत काय करायचं. सगळ्यात आधी वाळू काढा. तळाला किचन रोल अंथरा आणि डोळा पूर्ण बरा होईपर्यंत तोच ठेवा, रोज बदला. न खाल्लेले रातकिडे टँकमध्ये सोडून ठेवू नका. आजारी, अर्ध्या डोळ्याने पाहणाऱ्या गेकोच्या पापण्या ते रात्रीतून कुरतडतात. उबेकडच्या फरशीचं तापमान ३२ ते ३४ अंश सेल्सिअस आणि थंड बाजूचं २४ ते २६ असू द्या. थर्मामीटरचा सेन्सर फरशीला टेकलेला हवा, काचेला चिकटवलेला डायल इथे उपयोगाचा नाही. ऊब कमी पडली की सरपटणाऱ्या प्राण्याची रोगप्रतिकारशक्तीही मंदावते आणि औषधंही नीट लागू पडत नाहीत.

मग ओलीचा डबा. झाकणाला आणि बाजूंना भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा घ्या. तळाला कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या किचन रोलचे तीन-चार थर. पाणी साचता कामा नये. आतलं तापमान २८ ते ३० अंशांच्या आसपास ठेवून तिला वीस ते तीस मिनिटं आत बसू द्या आणि स्वतः तिथेच थांबा. हीट मॅटवर डबा ठेवून दुसऱ्या कामाला लागलात तर लहान बंद डबा बघता बघता तापतो. एवढ्या ओलीनं आवळलेली पट्टी मऊ पडते, काही वेळा डोळा आपणहून उघडतो.

डबा झाला की लगेच डोळा धुवायचा. औषधाच्या दुकानात मिळणारं ०.९ टक्क्यांचं निर्जंतुक सलाइन घ्या, एकदाच वापरायच्या लहान नळकांड्यांमधलं असेल तर उत्तम. लेन्स ठेवायचं द्रावण त्याच्यासारखं दिसतं, पण त्यात जंतुनाशकं असतात, ते नको. घरी मीठ-पाणी कालवू नका, प्रमाण चुकलं तर चुरचुरतं आणि ते निर्जंतुकही नसतं. नळकांडं मुठीत धरून हाताच्या उबेइतकं कोमट करा. गेकोला तळहातावर टेकवून बसवा, बोटं खांद्यांच्या मागून हलकीच. शेपटीला हात लावायचा नाही. घाबरलेली लेपर्ड शेपटी टाकून देते आणि तिच्या अंगावरची चरबीची शिल्लक तर तिथेच असते. डोकं किंचित दुखऱ्या बाजूला कललेलं ठेवा, म्हणजे पाणी नाकपुड्यांत न जाता गालावरून खाली उतरेल. पापण्या जिथे मिळतात त्या फटीवर थेंब थेंब सोडा, एका वेळी एकूण एक ते दोन मिलिलिटर. धार मारू नका, पापणी बोटांनी फाकवू नका. धुताना ती जीभ बाहेर काढून तोंड चाटू लागली तर चांगलं. तोंडात उतरणारी नळी मोकळी असल्याची ती खूण असू शकते.

यानंतर पापणीच्या बाहेरच्या कडेवर सुटलेली कात लोंबताना दिसली, तरच सलाइनमध्ये चिंब भिजवलेला कापसाचा बारीक बोळा कडेवरून नाकाकडून कानाकडे एकदाच फिरवा. कोरडा बोळा धागे सोडतो. चिमटा हातात घेऊच नका. आत शिरलेली गुंडाळी कुठे संपते आणि बुबुळावरची जिवंत त्वचा कुठे सुरू होते, हे साध्या डोळ्याला कळत नाही. दिवसातून दोन वेळा हा प्रकार करा. दोनदा करूनही फरक पडला नाही, तर तिसऱ्यांदा करून काही वेगळं होणार नाही. रक्त दिसलं, डोळ्याचा पृष्ठभाग पांढरा किंवा निळसर दिसला, पापणी फुगून टणक लागली किंवा डोळा आत गेल्यासारखा वाटला, तर धुणंही थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता उरलेल्या थेंबांबद्दल. माणसांच्या कित्येक थेंबांत अँटिबायोटिकसोबत स्टेरॉइड असतं, लाली आणि सूज उतरवायला. बुबुळावर खरचट असेल तर स्टेरॉइड ती भरू देत नाही. वरून डोळा शांत दिसतो, आत व्रण खोल जातो आणि बुबुळाला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. खरचट आहे की नाही हे तुम्ही घरी ओळखू शकत नाही, म्हणून हा सल्ला इतका ठाम. लाली घालवणारे आणि बधिर करणारे थेंबही नकोत. खोबरेल, एरंडेल, तूप, मध, यातलं काहीही नको. डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा, पण आपल्याच डोळ्यात. तेलाला वाळू आणि किचन रोलचे धागे चिकटतात आणि पशुवैद्याला डोळ्याची तपासणी करणं अवघड होतं.

अँटिबायोटिक थेंब पशुवैद्याने दिले तर जरूर घाला, पण इथे पुन्हा पापणी की काच हा प्रश्न येतो. लेपर्डच्या डोळ्यात घातलेला थेंब थेट बुबुळाला भिजवतो. क्रेस्टेडच्या डोळ्यावर घातलेला थेंब काचेवर पडतो आणि ओघळून जातो, आत काहीच पोचत नाही. काचेखाली संसर्ग झालेल्या गेकोला आठवडाभर थेंब घालणं म्हणजे बंद खिडकीवर पाणी मारून घरातला केर काढण्याचा प्रयत्न. तिथे औषध तोंडावाटे किंवा इंजेक्शननं जातं, किंवा पशुवैद्य काचेच्या खालच्या भागात लहानशी खिडकी कापून आतला पू काढतो.

दवाखान्यात काय होईल याची कल्पना असू द्या. फ्लुओरेसिन नावाचा नारिंगी रंग डोळ्यात घालून निळा प्रकाश टाकतात. बुबुळ खरचटलं असेल तिथे हिरवं चमकतं. मग भिंगाखाली पापणीची घडी धुऊन आतली गुंडाळी किंवा पुवाचा गोळा काढतात. जनावर लहान आणि डोळा दुखरा, त्यामुळे गुंगी द्यावी लागू शकते. त्याला घाबरू नका, धडपडणाऱ्या गेकोच्या डोळ्याजवळ हत्यार नेणं जास्त धोक्याचं आहे. सोबत वेदनाशामक मागा. आणखी एक, टॉर्च मारून बाहुली लगेच आकसते का ही माणसांवरची चाचणी घरी करत बसू नका. सरड्यांच्या बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यातले स्नायू हातापायांच्या स्नायूंसारखे रेखित, म्हणजे पट्टेदार, असतात, काही अंशी इच्छेनुसार चालतात. माणसांत बाहुली मोठी करणारे अॅट्रोपिनसारखे थेंब त्यांच्यावर चालत नाहीत ते यामुळेच. बाहुली नीट हलली नाही म्हणजे दृष्टी गेली, असा अर्थ काढता येत नाही. शिवाय रात्री वावरणाऱ्या गेकोंचे डोळे अंधारासाठी घडलेले असतात. हेल्मेट गेकोवरच्या अभ्यासात रंग ओळखण्याच्या उंबरठ्यावर त्याचा डोळा माणसापेक्षा सुमारे ३५० पट संवेदनशील भरला होता. तेव्हा मोबाइलचा फ्लॅश समोरून मारू नका, बाजूनं मंद उजेड पुरतो.

दवाखान्यात जाताना बरोबर न्या: डोळ्याचे रोजचे फोटो, वजनाच्या नोंदी, टँकचं तापमान आणि आर्द्रता, दिव्याचं खोकं आणि तो कधी लावला ती तारीख, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन पावडरींचे डबे. शेवटच्या दोन गोष्टी लोक हमखास विसरतात आणि बऱ्याचदा निदान त्यांच्यावरच अडतं.

वजनाकडे वळू. ५८ वरून ५२ म्हणजे ६ ग्रॅम, मूळ वजनाच्या दहा टक्क्यांहून थोडं जास्त. प्रौढ गेकोच्या बाबतीत दहा टक्के घट ही आमच्या मते दवाखान्याची रेषा आहे. डोळा सोडून दुसरं काही नसतं तरी एवढ्यावरून आम्ही तुम्हाला दवाखान्यातच पाठवलं असतं. लेपर्ड भक्ष्य बघून झेप घेते. एक डोळा गेला की अंतराचा अंदाज चुकतो, दोन-तीनदा तोंडात हवाच आली की ती प्रयत्न सोडते. म्हणून काही दिवस प्लास्टिकच्या किंवा टोकाला रबर असलेल्या चिमट्याने, चांगल्या डोळ्याच्या बाजूनं, किडा हळू हलवत द्या. धातूचं टोक जबड्यावर आपटतं. मीलवर्म अळ्या किंवा डुबिया झुरळं उथळ, गुळगुळीत वाटीत ठेवलात तर तिला जागा पाठ होते. रोज एकाच वेळी, एकाच काट्यावर, एक ग्रॅमपर्यंत अचूक वजन लिहून ठेवा. जबरदस्तीनं तोंड उघडून भरवू नका.

एकच डोळा बंद असणं ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. एका डोळ्याचं कारण बहुतेक वेळा त्या डोळ्यातच सापडतं: कात, कण, ओरखडा, किड्याचा चावा. दोन्ही डोळे एकदम मिटू लागले तर डोळ्याबाहेर शोधायचं. नवा दिवा, कोरडी हवा, आहारातली उणीव, किंवा सगळ्या अंगाचंच आजारपण. दोन्ही डोळे खोल गेलेले दिसले तर आधी शरीरातलं पाणी कमी झाल्याचा संशय घ्या.

यातल्या दोन गोष्टींवर थोडं थांबायला हवं. पहिली व्हिटॅमिन ए. डोळ्याभोवतीच्या ग्रंथी आणि नळ्या यांचं आतलं अस्तर ओलं, मऊ राहण्यासाठी ते लागतं. ते कमी पडलं की अस्तर जाड, कोरडं, त्वचेसारखं होतं. मेलेल्या पेशींनी नळ्या बुजतात, पापण्या सुजतात, कात पुन्हा पुन्हा डोळ्यातच अडकते. एकाच जातीचे किडे, तेही उपाशी ठेवलेले, आणि वर फक्त साधं कॅल्शियम, अशा आहारावर हे होतं. उपाय म्हणजे किड्यांना आधी एक-दोन दिवस चांगलं खाऊ घालणं, त्यांच्यात विविधता ठेवणं आणि मल्टिव्हिटॅमिन पावडरीच्या डब्यावर घटकांत व्हिटॅमिन ए, म्हणजे रेटिनॉल किंवा त्याचं संयुग, आहे का ते पाहणं. पण उणीव ‘असेल’ म्हणून घरी व्हिटॅमिनच्या कॅप्सूल फोडून पाजू नका. हे व्हिटॅमिन चरबीत विरघळतं आणि मुख्यतः यकृतात साठतं, लघवीवाटे निघून जात नाही. जास्त झालं तर त्वचा सोलून निघते आणि यकृत बिघडतं. पन्नास ग्रॅमच्या प्राण्याला माणसाच्या कॅप्सूलमधला थेंबही प्रचंड असतो. पावडर लावण्याची पद्धतही बघा. किडे पिशवीत हलवून जादा पावडर झटका, पांढरेफटक किडे टँकमध्ये सोडलेत तर तीच धूळ डोळ्यात जाते.

दुसरी गोष्ट यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा. तो तुमच्याकडे आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर तो वरूनच हवा. डोळ्यावरची हाडाची कड वरच्या उन्हापासून डोळ्याला सावली देते. बाजूनं लावलेला दिवा थेट बाहुलीत शिरतो आणि दोन-तीन दिवसांत दोन्ही डोळे सुजून बंद होतात. लेपर्ड आणि क्रेस्टेड दोघेही कमी यूव्हीबीच्या गटातले. त्यांच्या अंगाच्या उंचीवर मोजलेला यूव्ही निर्देशांक ०.७ च्या आत ठेवलात तर सुरक्षित. बिअर्डेड ड्रॅगनला ऊन खाण्याच्या जागी ३ ते ४ लागतो, म्हणून त्याचा दिवा यांना लावणं चूक. पांढऱ्या, फिकट किंवा अल्बिनो जातींच्या डोळ्यांत रंगद्रव्य कमी असतं, त्या साध्या उजेडातही डोळे बारीक करतात. त्यांना आणखी मंद प्रकाश आणि लपायला जास्त जागा द्या.

आता तुमचा क्रेस्टेड. उघड्या डोळ्यांनी झोपणं त्याला भागच आहे. झोपेत बाहुली मात्र बारीक उभी चीर होते, तीच झोपेची खूण. डोळे दुधाळ होणं म्हणजे कात येऊ घातली होती. जुना आणि नवा थर एकमेकांपासून सुटताना काच धुरकट दिसते. कात पडली की काचेचा बाहेरचा पातळ थरही तिच्यासोबत निघतो आणि डोळा पुन्हा चकचकीत होतो. तुमच्याकडे हे सुरळीत झालंय.

पुढे कधी कात पडल्यावर एकच डोळा मंद, सुरकुतलेला, कडेला पापुद्रा सुटल्यासारखा दिसला तर थर अडकलाय असं समजा. तेव्हा तुमच्या मित्राचा सल्ला शब्दशः पाळा. रात्री फवारून आर्द्रता ७० ते ८० टक्क्यांपर्यंत न्या, दिवसा ५० पर्यंत उतरू द्या, तापमान २२ ते २६ अंशांत ठेवा आणि पुढच्या कातीपर्यंत थांबा. २८ च्या वर क्रेस्टेडला त्रास होतो, म्हणून ओलसरपणासाठी ऊब वाढवायची नाही. पापुद्रा नखाने किंवा टेपने ओढला आणि त्याबरोबर काचच निघाली, तर खालचं बुबुळ उघडं पडतं. ते वाळण्यापासून वाचवायला त्याच्याकडे पापणी नाही आणि असा डोळा सहसा वाचत नाही. याउलट काच फुगून डोळा मोठा दिसू लागला, किंवा काचेमागे पांढरट-पिवळट द्रव साचला, तर वाट पाहायची नाही. तोंडात उतरणारी नळी बुजलीय किंवा तोंडातला संसर्ग त्याच वाटेनं वर चढलाय. म्हणून अशा वेळी पशुवैद्य डोळ्याइतकंच तोंडही तपासतो.

इतर पाळीव सरडे असणाऱ्यांसाठी थोडक्यात. बिअर्डेड ड्रॅगन, इग्वाना, घोरपड, ब्लू टंग स्किंक हे सगळे पापणीवाले, त्यांना लेपर्डचे नियम. टोके गेको, डे गेको, गार्गॉइल गेको हे काचवाले. काही सापसुरळ्यांच्या खालच्या पापणीतच पारदर्शक खिडकी असते, डोळा मिटूनही त्यांना दिसतं, तेव्हा ‘डोळा मिटला म्हणजे झोपली’ हे त्यांच्याबाबत धरू नका. बिअर्डेड ड्रॅगन कात टाकायच्या सुमारास डोळे भयानक बाहेर काढतो. डोळ्यामागच्या शिरांच्या पोकळीत रक्त भरून तो पापण्यांवरची कात सैल करतो. काही सेकंदांत डोळे जागेवर आले तर काळजी नाही, तासभर तसेच राहिले तर आहे. त्याच्या डोक्यावर मधोमध फिकट ठिपका दिसतो, तो उजेड-सावली ओळखणारा तिसरा डोळा. अडकलेली कात समजून लोक तो खरवडतात. गेकोंना तो नसतो. शॅमेलिऑनच्या पापण्या जुळून शंकू होतो आणि टोकाला बाहुलीपुरतं भोक उरतं. खाली कण अडकला तर तो डोळा आत ओढून, गरगर फिरवून बाहेर काढतो. पण दिवसाउजेडी डोळे मिटून बसलेला शॅमेलिऑन आजारीच धरायचा.

लेपर्ड बरी झाल्यावर टँकमध्ये कायमचा ओलसर खोपा हवा: झाकणाचा डबा, तिच्या रुंदीच्या दीडपट दार, आत ओलं मॉस किंवा किचन रोल, उबेच्या बाजूला. खोप्यात ७० ते ८० टक्के ओल, बाकी टँक ३० ते ४० टक्के. मॉस दोन-तीन दिवसांनी ओलं करा, आठवड्याला बदला. तिचा रंग फिका, राखाडी पडला की कात आली असं समजून त्या दोन-तीन दिवसांत ते रोज ओलं ठेवा. कात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही डोळ्यांचे बाजूनं फोटो काढून शेजारी शेजारी ठेवा. पापणीची कड दोन्हीकडे सारखी काळसर, स्वच्छ दिसायला हवी. एकीकडे पांढरी रेघ राहिली असेल तर त्याच संध्याकाळी ओलीचा डबा काढा, पाचव्या दिवसापर्यंत थांबू नका.